या नावाचा अर्ज आलेला नाही

प्रज्ञाने अर्धं पान मागितलं आहे, दयानंद. येत्या रविवारी भूमला तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. वंदना झाल्यावर तुझा परिचय कुणीतरी वाचायचा, असं घरच्यांनी ठरवलं. "काका, तुम्हीच लिहा. तुम्हाला सवय आहे," तुझी मुलगी म्हणाली. सवय आहे, हे खरं. किती माणसांचं निधन मी चार ओळींत लिहिलं याची मोजदाद नाही, आणि त्या चार ओळी पानावर बसवणारा तू होतास. मजकूर वाचण्याआधी तुझा एकच प्रश्न असायचा, "किती जागा?" जागा कळली की तू खालून कापायला लागायचास. महत्त्वाचं आम्ही वर लिहितो, यावर तुझा विश्वास होता.

जन्म, शिक्षण, पश्चात कोण, हे त्या अर्ध्या पानात जाईल. इथे ते नाही. इथे मला एक चूक लिहायची आहे. वृत्तपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी तळाशी दोन ओळींचा खुलासा जातो. हा खुलासा लांबला आहे, आणि ज्याच्याकडे द्यायचा तो माणूस आता खुर्चीवर नाही.

धाराशिवला आपलं कार्यालय भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. तू भूमच्या छापखान्यातून आलास. तिथे तू लग्नपत्रिका आणि तेरखेड्याच्या फटाक्यांची लेबलं करायचास. पहिल्याच दिवशी कीबोर्डकडे न बघता तू माझी अपघाताची बातमी टाइप केलीस, मग थांबून माझ्याकडे वळलास.

"साहेब, मृत्यू दोनदा लिहिलाय. माणूस एकदाच मेलाय ना?"

तेव्हापासून तू मला साहेब म्हणत राहिलास. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आपण एकाच महिन्यात लागलो होतो, आणि साहेब म्हणून झालं की पुढच्या वाक्यात तू मला अरे-तुरे करायचास.

तुझं काम पान लावायचं. आम्ही मजकूर द्यायचो, तू तो टाइप करायचास, मथळे बसवायचास, छायाचित्रं कापायचास आणि संध्याकाळी पान छपाईला पाठवायचास. पाठवून झालं की दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून म्हणायचास, "सुटलं." चुका शोधायला तुला मजकूर वाचावा लागत नसे. लांबून पानाकडे बघायचास आणि बोट ठेवायचास. अनुस्वार गेला की शब्द लंगडा दिसतो, हे तुझं म्हणणं. मला ते लंगडेपण कधी दिसलं नाही. मला वाचावंच लागायचं. माझ्या नावाने छापून आलेल्या कितीतरी मजकुरात तू सावरलेली वाक्यं आहेत. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. रोजच्या कामात कुणी आभार मानत नाही, अशी तेव्हा समजूत होती.

जिल्ह्याचं नाव बदललं त्या आठवड्यात पानाच्या वरच्या पट्टीतलं नाव तूच बदललंस. आधीच्या पानाची नक्कल घेऊन पुढचं पान करायची तुझी पद्धत. त्यामुळे काही दिवस एका कोपऱ्यात नवं नाव आणि दुसऱ्या कोपऱ्यात जुनं, असं चाललं. वरून फोन आला. तू दोन्ही कोपरे दुरुस्त केलेस आणि म्हणालास, "जिल्ह्याचं नाव बदलायला एक मिन्ट लागलं. आपल्याला बदला म्हनले तर किती लागंल रं?"

मी हसलो. तो विनोद होता असं मी धरून चाललो होतो.

मग तसं म्हणणारे आलेच. पानं आता शहरातल्या मुख्य कार्यालयात लागतील, तयार साच्यात मजकूर आपोआप बसेल, वार्ताहरांनी बातमी मोबाइलवरून थेट पाठवावी, असं ठरलं. तुझी जागा गेली, माझी राहिली. जाण्याआधी तुमच्यासाठी एक दिवसाची कार्यशाळा झाली. विषय होता बदलत्या नोकरीबाजाराची तयारी. मार्गदर्शक चांगला माणूस होता, वाईट काही बोलला नाही. स्वतःला सतत अपडेट ठेवा, असं त्याने तीनदा सांगितलं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाला. तू हात वर केलास.

"सर, अपडेट झाल्यावर मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. तेवढ्या वेळात माणसानं कुठं बसायचं?"

सगळे हसले, मार्गदर्शकही. उत्तर मिळालं नाही. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर तुझ्या आडनावात नसलेला रफार दिलेला होता. तू ते घडी घालून खिशात ठेवलंस आणि म्हणालास, "बघ, आपल्यासारख्यांची गरज आहे अजून."

गरज होती, हे आता मला ठाऊक आहे. म्हणूनच हे लिहिणं अवघड जातंय.

तू भूमला परतलास. दिवाळीच्या आधीचे काही महिने तेरखेड्याच्या लेबलांचं काम मिळायचं. बाकी दिवस मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरून द्यायचास. बाजाराच्या दिवशी तिथे गर्दी असायची, एरवी तू एकटाच. तिथेच तुला त्या नोकऱ्यांचा पत्ता लागला. यंत्राने लिहिलेलं मराठी तपासायला माणसं हवी होती. घरबसल्या काम, वयाची अट नाही, शुद्धलेखन पक्कं हवं, मराठीतला बायोडेटा पीडीएफमध्ये पाठवावा. तू एसटीने धाराशिवला आलास, ती जाहिरात मोबाइलवर मला दाखवलीस, आणि तुझा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळलेला होता.

"साहेब, मशीन चुका करनार आन् म्या काढनार. जन्मभर दुसरं काय केलं?"

दोन दिवसांनी तू बायोडेटा पाठवलास. तो इतका देखणा होता की मी पुन्हा पुन्हा उघडून बघितला. ओळींमधलं अंतर, समास, मथळ्याचा जाड टाइप, सगळं नेमकं. खाली तुझा निरोप होता. तो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. 'आपल्या जुन्या फॉन्टात केलाय. युनिकोडात करू का परत?'

माझं उत्तरही आहे. 'कशाला? छान दिसतोय. पीडीएफमध्ये फॉन्ट हलत नाही. फक्त अनुभवाच्या ओळीत वर्षाचा आहे, तिथे वर्षांचा कर. आणि पाठव.'

तू अनुस्वार दिलास आणि पाठवलास.

नंतरचे आठ-नऊ महिने मी थोडक्यात लिहितो, कारण त्यांत काही घडलं नाही. तेच घडलं. तू एकेका ठिकाणी अर्ज करत गेलास. लगेच एक ठरावीक निरोप यायचा, तुमचा अर्ज मिळाला, योग्य उमेदवारांशी संपर्क साधू. तो तू मला पुढे पाठवायचास. मग शांतता. पहिल्या दोनतीन वेळा तू चेष्टा केलीस. मग नुसता निरोप पुढे पाठवायला लागलास, शब्द न लिहिता. मग तेही थांबलं. एकदा फोनवर म्हणालास, "न्हाय तरी म्हना की बाबा. न्हाय म्हनले तर मानूस दुसरं काय तरी बघंल."

तुझ्या घरी आलो होतो त्या दिवशी अनितावहिनी चहा देताना म्हणाल्या, "भाऊजी, एवढ्या ठिकाणी पाठवलं. एकानं तरी इचारलं असतं ना? यांच्यातच काय तरी कमी असंल." त्या रागाने बोलल्या नाहीत. खरंच विचारत होत्या. तू बशीत चहा ओतत होतास. "असंल की," म्हणालास, आणि फुंकर घालून प्यायलास. मी तिथे बसलो होतो. तुझी पानं मी रोज बघितलेली होती. मला बोलता आलं असतं. मी विषय बदलला.

आणि नळदुर्ग. एका बातमीसाठी मी निघालो होतो, तुला सोबत घेतलं. परत येताना हायवेवरच्या ढाब्यावर थांबलो. ट्रकवाल्यांची जेवणं चालली होती. मी तुला पुन्हा तेच सांगायला लागलो. नवीन कीबोर्ड शीक, युनिकोड शीक, जग पुढे गेलं. कीबोर्डचं मी तुला वर्षानुवर्षं सांगत होतो. फक्त ज्या दिवशी तू स्वतः विचारलंस, त्या दिवशी नको म्हणालो होतो, आणि ढाब्यावर बसलो तेव्हा हे माझ्या लक्षातही नव्हतं.

"माझ्या बोटांना माहीत हाय क कुठं हाय," तू म्हणालास. "आता बोटांना परत पहिलीत घालू का?"

"घाल. नाहीतर बस घरी."

"बसलोय की. तुला कुनी अजून बदल म्हनलं न्हाय, म्हनून तू दुसऱ्याला म्हनतोस."

"तू हट्टी आहेस दयानंद. हट्टीपणामुळे घरी आहेस तू."

तू कांदा अर्धा तोडून माझ्या ताटात ठेवलास. नेहमी ठेवायचास तसा. त्यानंतर आपण दोनदा फोनवर बोललो, दोन्ही वेळा तुझ्या पाहुण्यांच्या जातीच्या दाखल्याबद्दल. ढाब्यावरचं बोलणं तसंच राहिलं. मी ते मागे घेणार होतो, असं आज लिहिलं तर ते तपासायला तू नाहीस. म्हणून लिहीत नाही. मागे घेतलं नाही, एवढंच नक्की आहे.

परवा प्रज्ञाने तुझा बायोडेटा मला पाठवला. "काका, यातूनच घ्या परिचयासाठी. पप्पांनी सगळं नीट लिहिलंय." मी फाइल उघडली. तीच देखणी फाइल. तुझं नाव, शिक्षण, अनुभव. मजकूर पुन्हा टाइप करायचा कंटाळा म्हणून मी तो निवडला, नक्कल घेतली आणि कोऱ्या पानावर आणून टाकला.

मराठीचं एक अक्षर आलं नाही. इंग्रजी अक्षरं आली, तीही कशीही. मध्ये डॉलरची खूण, कंस, स्वल्पविराम, एक उलटं प्रश्नचिन्ह. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. संगणक बिघडला असं वाटून मी प्रज्ञाला तिच्या मोबाइलवर करून बघायला सांगितलं. तिथेही तेच. तुझ्या नावाच्या जागी आठदहा निरर्थक खुणा होत्या.

हे तुला मी समजावून सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. आपल्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी क हा क नसतोच. आत एखादं इंग्रजी अक्षर असतं आणि फॉन्ट त्याला वरून क चा आकार देतो. कागदावर मराठी छापून येतं, पडद्यावर मराठी दिसतं. बावीस वर्षं आपल्याला तेवढंच लागत होतं, कारण आपलं पान माणसं वाचायची. युनिकोडमध्ये क आतूनही क असतो. पीडीएफ केल्यावर फॉन्ट हलत नाही, हे मी तुला बरोबर सांगितलं होतं. तो हलला नाहीच. माणसाने उघडला असता तर एकही चूक सापडली नसती.

एवढ्यावर बातमी होत नाही. खात्री करावी लागते. मी त्यांच्यापैकी एका कंपनीचा नंबर शोधून फोन लावला. एक मुलगी बोलली. शांत, व्यवस्थित, आपल्याकडची नसावी.

मी विचारलं, अर्ज कोण वाचतं.

"सर, पहिली चाळणी सॉफ्टवेअर करतं. ते अर्जातून नाव, अनुभव वगैरे काढून यादी बनवतं. मग यादी आमच्याकडे येते."

"मजकूर सॉफ्टवेअरला वाचता आलाच नाही तर?"

"मग फाइल रिकामी धरली जाते."

"रिकामी म्हणजे, कुणी उघडून बघतं?"

"शक्यतो नाही. तुम्हाला कुणाचं बघायचंय? नाव सांगा ना, शोधते."

मी नाव सांगितलं. तिने टाइप केल्याचा आवाज आला. सरवदेमधला व पोटफोड्या की साधा, असंही तिने विचारलं. व कधी पोटफोड्या नसतो, हे मी तिला सांगितलं नाही. तू असतास तर सांगितलं असतंस, आणि तीही हसली असती.

"नाही सर. या नावाचा अर्ज आलेला नाही."

तिला वाटलं फोन कटला.

"हॅलो सर? त्यांना पुन्हा पाठवायला सांगा ना. जागा आहेत अजून. चांगले लोक मिळत नाहीत आम्हाला."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

आता मला काय माहीत आहे आणि काय नाही, ते वेगळं करतो. एका ठिकाणची खात्री झाली. दुसऱ्या ठिकाणाहून कुणी परत फोन केला नाही. बाकीच्या ठिकाणी काय झालं, मी लिहू शकत नाही. कदाचित कुठे माणसाने फाइल उघडली असेल, वाचली असेल आणि वय बघून ठेवून दिली असेल. तुला काम मिळालंच असतं, असंही मी लिहू शकत नाही. काम मिळालं असतं तर तू आज असतास, हे तर डॉक्टरही लिहिणार नाहीत. पण निदान एका जागी तुला नाकारलं गेलं नाही. तिथे तू पोचलाच नव्हतास. आणि तुझ्यात काहीतरी कमी आहे असं मानून तू गेलास. बशीत चहा ओतताना तू जे 'असंल की' म्हणालास, ते मी तेव्हा विनोदात जमा केलं होतं. मी परवापासून तेच ऐकतो आहे.

तू अनुस्वार दिलास. मी एक ओळ नीट वाचली असती तरी पुरे होतं. तुझा प्रश्न मी वाचला, पण ऐकला नाही. माझं लक्ष वर्षाच्या डोक्यावरच्या टिंबावर होतं.

प्रज्ञाने काल विचारलं, "काका, मी आता काय शिकू? कशात नोकरी राहील?" ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आतापर्यंत मला हा प्रश्न कुणी विचारला की माझ्याकडे उत्तर तयार असायचं. तुला मी ते वर्षानुवर्षं दिलं. तिला मी म्हणालो, मला माहीत नाही. मोठ्या माणसाने असं म्हणणं तिच्या अपेक्षेत नसावं. मग म्हणाली, "पप्पा सकाळी माझ्या मोबाइलला कीबोर्ड जोडून युनिकोडमध्ये टाइप करत बसायचे. तेच तेच शब्द. मी म्हणायचे, पप्पा, पहिलीतल्या पोरासारखं काय लिहिताय."

मी तिला विचारलं, कधीपासून.

तिला नक्की आठवत नव्हतं. लेबलांचं काम संपलं तेव्हापासून, म्हणाली. म्हणजे नळदुर्गच्या आधी. ढाब्यावर मी तुला हट्टी म्हणालो, तेव्हा तुझी बोटं पहिलीत जाऊन बसली होती. तू सांगितलं नाहीस. जमल्यावर सांगणार असशील. किंवा मी विचारलं नाही म्हणून.

अनितावहिनींना मी अजून हे बोललेलो नाही. रविवारी अर्ध्या पानात ते बसणार नाही, आणि खालून कापायला तू नाहीस. म्हणून ठरवलं आहे की परिचय वेगळा लिहायचा नाही. तू लिहिलेलाच वाचायचा. काल मी तो पूर्ण, ओळ न् ओळ, युनिकोडमध्ये टाइप केला. तुझ्यासारखा देखणा झाला नाही. टाइप करताना पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. आधी वहिनींना सांगेन की यात काही कमी नव्हतं, कमी होतं ते माझ्या एका निरोपात होतं. मग वाचेन. इथेही देतो. आता हा कुठल्याही यंत्रावर टाका, तुझं नाव सापडेल.

नाव : दयानंद लिंबाजी सरवदे

गाव : भूम, जि. धाराशिव

शिक्षण : बी.ए. द्वितीय वर्ष, मराठी टंकलेखन

अनुभव : वृत्तपत्रात पान लावण्याचा बावीस वर्षांचा

विशेष : मजकुरातील चुका पाहताक्षणी दिसतात

संगणक : पान मांडणी, छायाचित्र दुरुस्ती, युनिकोड (सराव चालू)

बाहेरगावी काम : चालेल

तत्काळ रुजू होण्यास तयार.